पाऊस तोच, तारीख दुसरी

कोकणात घराच्या छपरावर हवामान केंद्र बसवलं की शेजारीपाजारी सकाळी फाटकातूनच विचारतात, “काल किती झाला?” माझ्याकडे या प्रश्नाला तीन उत्तरं असायची. कन्सोलच्या पडद्यावर एक, यंत्र ज्या संकेतस्थळाला आकडे पाठवतं तिथे दुसरं, आणि संगणकावर उतरवलेल्या फाईलची बेरीज केली की तिसरं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “सेन्सर बदला.” सेन्सर ठणठणीत होता. मापं बरोबर होती, वार चुकत होते.

कन्सोलचा दिवस मध्यरात्री बदलतो. संकेतस्थळाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. रात्री दोनला कोसळलेली सर पडद्यावर आजची आणि तिकडे कालची. फाईलमधली गोम याहून बारीक आहे. माझ्या यंत्रात प्रत्येक ओळीवर छापलेली वेळ ही त्या अर्ध्या तासाच्या शेवटाची. साडेअकरा ते बारा या वेळातला पाऊस 00:00 च्या ओळीत बसतो आणि तारखेवरून बेरीज करणारा संगणक तो सरळ दुसऱ्या दिवसाच्या खात्यात टाकतो. काही यंत्रं याउलट सुरुवातीची वेळ छापतात. माहितीपुस्तिकेत हे सापडेलच असं नाही. कोरड्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी तांब्याभर पाणी नरसाळ्यात हळूहळू सोडा. पाऊस साडेदहाच्या ओळीत दिसला तर यंत्र शेवटाची वेळ छापतं, दहाच्या ओळीत दिसला तर सुरुवातीची. हा खोटा पाऊस नंतर हिशेबातून वगळायला मात्र विसरू नका.

ही तिन्ही उत्तरं जुळवली तरी वर्तमानपत्रातल्या आकड्याशी आपलं जमत नाही, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. मुंबईकर ज्याला 26 जुलै म्हणतात तो सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस म्हणजे 27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची नोंद आहे. तारीख नुसती पाहून शोधणारा इथे हमखास गोंधळतो. ब्रिटनमध्ये पावसाचा दिवस सकाळी नऊला संपतो, पण नोंद आदल्या दिवसाच्या नावावर जाते. दोन्ही रीती ठीकच आहेत. एकीने मोजून दुसरीशी ताडून पाहिलं की भांडण होतं.

भांडण म्हणजे खरोखरचं भांडण. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा विचार पुढे सरकतो. समजा, रात्री दहा ते दोन असा 90 मिलिमीटर पाऊस झाला. मध्यरात्रीने त्याचे 45-45 असे तुकडे केले तर अतिवृष्टी कुठल्याच दिवशी नाही. साडेआठच्या हिशेबात ती ठळक दिसते. कधी याच्या उलटही होतं. गावातले एक बागायतदार माझ्या पडद्याचा फोटो घेऊन कचेरीत वाद घालायला गेले आणि हात हलवत परतले. घरच्या यंत्राला तिथे तशीही किंमत नाही, पण दोन वेगवेगळ्या दिवसांची तुलना चालली आहे हे त्या खोलीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. तेव्हापासून मी पडद्याचा फोटो कुणाला देत नाही. वेळ लिहून आकडा देतो: अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, इतके मिलिमीटर.

दुसरं संकट खोट्या ढगफुटीचं. छपरावरचं मापक पावसाची चढती बेरीज पाठवत राहतं आणि कन्सोल मागच्या-पुढच्या आकड्यांतला फरक काढून ओळ भरतो. वीज गेली, कन्सोलचे सेल उतरलेले, आणि चार तासांनी संपर्क जुळला, तर त्या चार तासांचा सगळा पाऊस पहिल्याच ओळीत येऊन आदळतो. हवामान खातं तासाला 100 मिलिमीटरच्या पावसाला ढगफुटी म्हणतं. माझ्या केंद्राने ती निव्वळ महावितरणाच्या अंधारात घडवून दाखवली आहे. मोठा आकडा दिसला की आधी त्याच्या वरच्या ओळी पाहा. तिथे खाडा असेल तर तो आकडा एका तासाचा नाही, मधल्या सगळ्या काळाचा आहे. गटावर टाकण्याआधी एवढं पाहाच. लोक घाबरतात.

घड्याळच पार भरकटलं तर ओळखू येतं. 1 जानेवारी 1970, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसली तर ती संगणकांच्या कालगणनेतल्या शून्याची आपली भारतीय वेळ आहे. यंत्राला तारीख सापडलेली नाही, एवढाच तिचा अर्थ. लपून राहतो तो तासाभराचा फरक. परदेशी कन्सोलमध्ये उन्हाळी वेळ आपोआप बदलण्याची सोय चालू असू शकते. ती बंद करा, नाहीतर परतीच्या पावसाच्या सुमारास एक तास फाईलमध्ये दोनदा येईल.

नरसाळ्यात पान अडकलं तर पाणी थेंबथेंब झिरपतं आणि कडक उन्हात पाऊस नोंदला जातो. त्याला इलाज झाडूचाच.

नोंदीचा अंतराल अर्धा तास किंवा त्याहून कमी ठेवा. तासातासाच्या ओळी ठेवल्यात तर साडेआठची रेघ ओळीच्या मधोमध येते आणि ती ओळ नंतर कुणालाच फोडता येत नाही. मी पाच मिनिटांवर आलो आहे. शेजारी एक साधं हाताने मोजायचं पर्जन्यमापक लावा, ते रोज साडेआठला वाचा आणि वहीत लिहा. वहीच्या पहिल्या पानावर दिवस कधी संपतो आणि तारीख कुठली धरली, हे नोंदवा. आणि यंत्राची मूळ फाईल कधीही दुरुस्त करू नका. सुधारलेली वेळ शेजारच्या नव्या रकान्यात लिहा.