‘तुमचं अर्थिंग खराब आहे’ : इशारा खरा की विक्रीचा?



उसाचे बिल हाती आले की घरात एखादी वस्तू येते. फ्रिज, धुण्याचे मशीन, नाहीतर गिझर. ती बसवायला कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर येतो, प्लगमध्ये मीटर घालतो आणि म्हणतो, “तुमचं अर्थिंग खराब आहे, मशीन जळेल, शॉक बसेल.” मग त्याच्या पिशवीतून स्टॅबिलायझर निघतो. काहीजण घाबरून तिथेच पैसे मोजतात. काहीजण “हा विकायला आलाय” म्हणून हसण्यावारी नेतात. आमच्या मते दोन्ही चूक, पण दुसरी चूक जिवावर बेतणारी. माणूस विकायला आला आहे एवढ्यावरून त्याचा इशारा खोटा ठरत नाही.

आधी रोग आणि औषध जुळते का ते पाहावे. स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी-जास्त झाले तर सांभाळतो, अर्थिंग सुधारत नाही. तेव्हा अर्थिंगची तक्रार सांगून स्टॅबिलायझर पुढे केला, तर औषध नाकारावे. रोगाची तपासणी मात्र करावीच. तक्रार व्होल्टेजची असेल तर मीटरवरचा आकडा दाखवायला सांगावे, आणि ते मशीन किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालते हे माहितीपुस्तकात पाहावे.

मीटरचे आकडे आपणही समजून घ्यावेत. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. या शेवटच्या जागी १५-२० दिसले तर कारण शोधायला हवे, पण त्यावरून मशीन उद्याच जळेल असे होत नाही. उलटही खरे. आकडे चांगले दिसले म्हणजे अर्थिंग चांगलेच, असे नाही. मीटरला चालायला नगण्य करंट लागतो, त्यामुळे गंजलेल्या, कशीबशी टेकलेल्या तारेवरही तो २३० दाखवतो. म्हणून जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा दिवा लावून बघतात. दिवा मंद जळला की अर्थिंग कमजोर समजायचे. (घरात आरसीसीबी असेल तर या वेळी ती पडते, तिचे कामच ते.) ही परीक्षा परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावी, स्वतः करू नये.

आपल्या खेड्यांतल्या जुन्या घरांत असा इशारा खरा निघण्याची शक्यता मोठी आहे. पूर्वी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधत. पुढे पाइप पीव्हीसीचा झाला, तार तिथेच राहिली आणि अर्थिंग गेले. दिवे लागत होते, म्हणून कुणाला कळले नाही. कुठे उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. कुठे सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. मशीनच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील, गिझर चालू असताना नळाच्या पाण्याला झिणझिण्या लागत असतील, तर कुणाच्या मताची वाट पाहू नये. मेन स्विच बंद करावा.

इंजिनिअरला सांगावे, “साहेब, दोष काय आहे तो तुमच्या कागदावर लिहून द्या.” खरे बोलणाऱ्याला यात अडचण नसते. “आत्ता घेतलं नाही तर वॉरंटी जाईल” म्हणाला तर वॉरंटी कार्डात ती ओळ दाखवायला सांगावी. योग्य अर्थिंग असावे, व्होल्टेजमुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही, असे बऱ्याच कार्डांत असते. पण वस्तू त्याच्याचकडून घ्यावी असे लिहिले आहे का, ते वाचावे. मग ज्याला तुम्हांला काही विकायचे नाही अशा परवानाधारक वायरमनकडून पुन्हा तपासून घ्यावे. मीटरपुढचे घरातले वायरिंग आपल्याच जबाबदारीचे असते. खांबावरचा किंवा लाइनचा दोष निघाला तर महावितरणकडे कळवावे, १९१२ या क्रमांकावर तक्रार घेतात.

एवढे होईपर्यंत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ती वायरिंग जळण्यापासून वाचवते, पण माणसाचा जीव जायला पुरेसा करंट तिच्या लेखी काहीच नसतो. आरसीसीबी आली म्हणून अर्थिंग टाळायचे असे मात्र नाही. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा, वीज चालू असताना, ते दाबून पाहावे. खटका पडला नाही तर वायरमनला बोलावून ती बदलून घ्यावी.