न बोललेले साडेनऊ महिने

आष्टी, ता. परतूर, जि. जालना

चि. भाच्यास,

बेफाम पोरांचे टोळके आणि शेजारचा एकटा म्हातारा हे थरारकथेचे हुकमी कथानक आहे. ‘डोन्ट ब्रीद’ (२०१६) या इंग्रजी चित्रपटात तीन तरुण एका अंध माजी सैनिकाच्या घरात चोरीसाठी शिरतात आणि डाव त्यांच्यावरच उलटतो. पडद्यावर हे शोभते. खऱ्या घरात थकलेल्या माणसाला उलटून लढता येत नाही.

मराठी मुलखातला अशा टोळक्याचा सर्वांत भयंकर दाखला म्हणजे पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, विशीतले. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी पैशांसाठी वर्गमित्र प्रकाश हेगडेला मारले. आधी घर सोडून जात असल्याची चिठ्ठी त्याच्याच हाताने लिहून घेतली. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातील तिघे गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्याची बेल वाजली, १९ वर्षांच्या नातवाने दार उघडले. त्याचे हात बांधून, तोंडात बोळा कोंबून त्यालाच घर दाखवायला लावले. आत ८८ वर्षांचे संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नात आणि मोलकरीण सकुबाई वाघ होत्या. पाचही जण मारले गेले. खटल्याच्या नावात सकुबाई नाहीत, म्हणून त्यांचे नाव मुद्दाम घ्यावे. मार्च १९७७ मध्ये दहावा बळी गेला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

हेगडेच्या खुनात पाचवा एक साथीदार होता. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला, पण तपास त्याच्यापर्यंत पोचल्यावर. हेगडेपासून जोशींपर्यंत साडेनऊ महिने गेले. तेवढ्या काळात तो बोलला असता, तर नऊ जीव वाचले असते. या प्रकरणात खरे शिकण्यासारखे एवढेच आहे.

आपल्या आष्टीसारख्या गावातही माणसे ऊसतोडीला, पुण्या-संभाजीनगरला गेली की घरात म्हातारी उरते. “कोन हाय?” “मी हाय मावशे.” एवढ्या आवाजावर ती कडी काढते. श्रावणबाळ योजनेचे पैसे कधी आले, हेही गल्लीतल्या पोरांना ठाऊक असते. अशा छळाची सुरुवात पत्र्यावर दगड टाकण्याने होते, बाहेरून कडी लावण्याने होते. टोळक्यात एखाद्याला ते पटलेले नसते, तरी तोही हसतो. वय कमी म्हणून सुटू, ही समजूतही पोकळ आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो.

असा बेत कानावर पडला, तर त्याच रात्री घरातल्या मोठ्या माणसाला सांगावे. ते जमत नसेल, तर ११२ ला फोन लावावा.

कळावे,
मामा