फार्महाऊस नको, शेत बघ

दिल्लीच्या आसपास जमीन घ्यायची ठरवलीच आहेस, तर आधी एक कर. ‘हजार गज, पक्की चारदिवारी, ताबा आजच’ असल्या जाहिरातींना फोन करणं थांबव. मुलांना मातीत खेळता यावं, सासूबाईंना चार वाफे करता यावेत, दारात लिंबाचं आणि कढीपत्त्याचं झाड आपलं स्वतःचं असावं, हे जे तुझ्या मनात आहे ना, ते त्या चारदिवारीत मिळत नाही गं. उलट तिथे पाडकामाची नोटीस कधी येईल याचा नेम नसतो. आज जरा लांबण लावूनच सांगते, कारण तुमची सगळी शिल्लक यात जाणार आहे. शेतजमिनीला बँका घरासारखं कर्ज देत नाहीत. म्हणजे काही फिसकटलं तर भार तुम्हा दोघांच्याच डोक्यावर.

चांगली गोष्ट आधी. महाराष्ट्रात १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३मुळे ज्याच्या नावावर शेती नाही त्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही, परवानगी काढावी लागते. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या तुझ्यासारखीला ती वाट जवळजवळ बंदच. हरियाणात ही अट नाही. शेतकरी असल्याचा दाखला तुला कुणी मागणार नाही. उत्तर प्रदेशातही घेता येते, फक्त कुटुंबाची एकूण जमीन साडेबारा एकरांच्या वर जायला नको, आणि तुला कुठे तेवढी हवीय!

दिल्लीचं नाव मात्र मनातून काढून टाक. छतरपूर-महरौलीची फार्महाऊसं आपल्यासाठी नाहीत. आणि दिल्लीचा १९५४चा जमीन सुधारणा कायदा असा आहे, की तुकडा विकल्यावर मालकाकडे आठ स्टँडर्ड एकरांहून कमी उरणार असेल तर तो विकताच येत नाही. त्यात शिरूच नकोस.

आता त्या हजार गजांबद्दल. अरवलीच्या अंगाची बरीच जमीन १९००च्या जमीन संरक्षण कायद्याखाली येते, आणि १९९२ची अरवली अधिसूचना आहे ती वेगळी. फरिदाबादच्या कांत एन्क्लेव्हमध्ये लोकांनी रीतसर रजिस्ट्री करून, नकाशे मंजूर करून घरं बांधली होती. २०१८च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाडायला सांगितली. जुलै २०२२मध्ये त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं, की १९००च्या कायद्याच्या कलम ४खालची जमीन जंगलच धरायची. म्हणजे हातात रजिस्ट्री आहे एवढ्यानं सुटका नाही. गुडगावकडे सोहन्याच्या, ग्वाल पहाडीच्या बाजूला डोंगर दिसणारी जागा कुणी दाखवली, की त्या डोंगराची नोंद काय आहे ते आधी विचार.

नोएडाच्या बाजूला हाच धोका यमुनेच्या डूब क्षेत्रात, म्हणजे पूरपट्ट्यात, आहे. तिथली काही फार्महाऊसं २०२२मध्ये नोएडा प्राधिकरणानं बुलडोझर लावून पाडली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर गेली, आजवरची सर्वांत उंच पातळी, आणि त्या पट्ट्यातली उरलेली फार्महाऊसं पाण्यात बुडाली. नदीकाठची जागा कितीही हिरवी दिसो, तिथे मुलांना घेऊन राहायचं नाही. हे मी तुला निक्षून सांगते.

आणखी एक युक्ती चालते ती ओळखून ठेव. हरियाणाच्या अधिसूचित भागात एकराहून लहान रिकामा तुकडा नावावर करायला नगरनियोजन खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. ते मिळत नाही म्हणून विकणारा चार-पाच कुटुंबं गोळा करतो, सगळ्यांच्या नावावर मिळून एकर करतो आणि एका कागदावर रेघा मारून ‘हा तुमचा कोपरा’ म्हणून दाखवतो. त्या कागदाला सरकारदरबारी किंमत नाही. तू तिथे कोपऱ्याची मालकीण नसतेस, चार अनोळखी माणसांबरोबरची हिस्सेदार असतेस.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. प्लॉट पाडून विकणाऱ्याकडून फार्महाऊस घेऊ नकोस, शेतकऱ्याकडून शेत घे. लांब घे, लहान घे, पण त्याला स्वतःचा रस्ता, गोडं पाणी आणि स्वच्छ कागद असू दे. तुम्हाला एक किल्ला भरपूर झाला. किल्ला म्हणजे इथला एकर, आपले चाळीस गुंठे. त्याचे आठ कनाल होतात, म्हणजे एक कनाल पाच गुंठ्यांचा, आणि कनालाचे वीस मरले. चकबंदी, म्हणजे जमिनीचं एकत्रीकरण, झालेल्या गावात किल्ला चाळीस करम लांब आणि छत्तीस करम रुंद असतो, करम साडेपाच फुटांचा. रस्ताही करमातच सांगतात. ‘दो करम का रास्ता है’ म्हणाले तर तो अकरा फूट आहे, समोरून ट्रॅक्टर आला की तुझी गाडी शेतात उतरवावी लागेल. चार करमांचा असेल तर बरा. तो पटवाऱ्याच्या अक्स शजऱ्यात, म्हणजे गावनकाशात, दिसला पाहिजे. ‘आमच्याच भावाच्या बांधावरून जा, तो काही म्हणायचा नाही’ असं कुणी म्हटलं तर चहा पिऊन उठून ये. उत्तर प्रदेशात बिघ्याचा हिशेब असतो आणि कच्चा बिघा गावागणिक बदलतो, तिथे सौदा चौरस मीटरमध्येच बोल.

कागद वाचायला शीक बाई, वकील केलास तरी शीक. आपल्या सात-बाराच्या जागी हरियाणात जमाबंदी. सरकारी संकेतस्थळावर तिची नक्कल घरबसल्या बघता येते. त्यात मालकाचा रकाना असतो, कसणाऱ्याचा असतो, आणि जमिनीची जात लिहिलेली असते. नहरी म्हणजे कालव्याचं पाणी, चाही म्हणजे विहीर-बोअरचं, बरानी म्हणजे पावसावरची. जिथे ‘गैर मुमकिन’ दिसेल तिथे बोट ठेवून थांब. गैर मुमकिन पहाड असेल, नाला असेल, रस्ता असेल, तर ते शेत नाही. ‘शामलात देह’ म्हणजे गावाची सामाईक जमीन, त्या वाटेला जाऊ नये. उत्तर प्रदेशच्या खतौनीत मालक ‘संक्रमणीय भूमिधर’ आहे की ‘असंक्रमणीय’ ते बघायचं. असंक्रमणीयाला विकायचा हक्कच नसतो. दलित शेतकऱ्याची जमीन राजस्थानात दलित नसलेल्या कुणाला विकता येत नाही, उत्तर प्रदेशात कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. अशी जमीन ‘स्वस्तात, मधल्या माणसाच्या नावावरून’ करून देतो म्हणणारे भेटतील. ज्याच्या रक्षणासाठी कायदा आहे त्याच्या पोटावर पाय देऊन आपलं अंगण करायचं नाही. कोर्टातही ते टिकणार नाही.

इथे मला सगळ्यात जास्त सावध करायचंय ते मुश्तरका खात्याबद्दल. हरियाणात बापाची जमीन भावंडांच्या नावावर एकत्र असते. एका भावाकडून तू ‘रस्त्यावरचा किल्ला’ घेतलास, तरी तकसीम, म्हणजे सरकारी वाटणी, होईपर्यंत तू पूर्ण खेवटातल्या, म्हणजे सामाईक खात्यातल्या, हिश्शाची धनी असतेस, त्या नेमक्या किल्ल्याची नाही. उद्या वाटणी झाली आणि तुझ्या वाट्याला मागचा, बिनरस्त्याचा तुकडा आला, तर तू लावलेली झाडं दुसऱ्याच्या बांधात जातील. तकसीम झालेलीच जमीन घे. थोडी महाग पडेल, पडू दे.

आणि बहिणी. वडील गेल्यावर मुलींची नावं जमाबंदीत चढतात, पण बैठकीत त्या नसतात. भाऊ खाटेवर बसून भाव ठरवतात आणि ‘बहनें साइन कर देंगी’ म्हणतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा पक्का केला. तू बाईमाणूस आहेस, तुला आत जाता येतं. जा, त्यांना भेट. त्यांना विकायचंय का, पैसे त्यांच्या खात्यात येणार आहेत का, हे एकदा त्यांच्याच तोंडून ऐक. कुणाच्या माहेरचा हक्क गिळून आपल्या पोरांना अंगण द्यावं असं तुलाही वाटायचं नाही. व्यवहार म्हणूनही सांगते, सही न झालेली एक बहीण पुढे दहा वर्षं दावा चालवू शकते, आणि तिचं बरोबरच असेल.

मुखत्यारपत्रावर जमीन घेऊ नकोस. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलंय की त्यानं मालकी येत नाही. बयाणा देशील तो बँकेतूनच. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला कायद्यानं मनाई आहे. बयाण्याआधी कानूनगोला बोलावून निशानदेही, म्हणजे हद्दीची मोजणी, करून घे. रजिस्ट्री तुझ्या नावावर कर. हरियाणाच्या ग्रामीण भागात पुरुषाला पाच टक्के मुद्रांक शुल्क पडतं, बाईला तीन. पण दोन टक्के वाचतात म्हणूनच सांगत नाही. तुझ्या नावावर काहीतरी असावं असं मला फार वाटतं गं. नंतर इंतकाल, म्हणजे फेरफार, मंजूर झाला की नाही ते बघ, आणि दर हंगामाच्या गिरदावरीत, म्हणजे पीकपाहणीत, कसणारा म्हणून कुणाचं नाव लागतंय तेही. बटाईनं कसायला दिलंस तर लेखी दे.

पाण्याचं बोलते. नूह स्वस्त का, तर बहुतेक ठिकाणी जमिनीखाली खारं पाणी आहे, डोंगराच्या पायथ्याचा पट्टा तेवढा गोडा. झज्जर-रोहतकच्या बाजूला खारेपणा आहेच, शिवाय काही गावांत सेम लागते, पाणी वर येऊन शेत फुगतं. अशा ठिकाणी कढीपत्ताही जगायचा नाही. विकणाऱ्याच्या बोअरचं पाणी पिऊन बघू नकोस, शेजारच्या दोन शेतांतलं बाटलीत भरून प्रयोगशाळेत दे. बोअर किती फुटांवर आहे आणि दहा वर्षांपूर्वी किती फुटांवर होतं, हे शेजाऱ्याला विचार. त्याला खोटं बोलायचं कारण नसतं.

कुठे बघायचं? राजधानी क्षेत्र म्हणजे गुडगाव-नोएडाच नव्हे. दिल्लीखेरीज हरियाणाचे चौदा जिल्हे, उत्तर प्रदेशचे आठ, राजस्थानचे जुने अलवर आणि भरतपूर, एवढा तो पसारा. एक्सप्रेसवेच्या उतारापाशी भाव फुगवलेला असतो, तिथून चार-पाच गावं आत जा. जेवरच्या आसपास यमुना प्राधिकरणाच्या अधिसूचित गावांत जमीन संपादनात जाण्याची टांगती तलवार आहे, ती गावं सोड. पानिपत-सोनीपतकडे यमुनेच्या कालव्याचं पाणी आहे, माती सोन्यासारखी आहे, म्हणून भावही चढा. (त्या भागात रोड समाज भेटेल. त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतःला पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. तू मराठी आहेस कळलं की जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.) माझ्या मनातलं विचारशील तर बुलंदशहरचा स्याना भाग तुझ्यासाठी आहे. आंब्याच्या बागा, १८५४पासून वाहणारा गंगेचा कालवा, आणि गावं अजून गावं राहिलेली. तुझ्या नवऱ्याची कचेरी नोएडात आहे, तेव्हा तिकडून जमेलही. रेवाडीकडे जमीन रेताड आहे, मोहरी-बाजरी छान येते, पण पाणी खोल.

एक मात्र समजून घे. नोव्हेंबरातला धूर शेतावरही असतो, तो काही शहराच्या वेशीवर थांबत नाही. आणि हवा बिघडली की बांधकामबंदी लागते ती सबंध राजधानी क्षेत्राला, म्हणून बांधायचं ते होळीनंतर धरायचं. कुंपण पहिल्या दिवसापासून लागेल, नीलगायी आणि मोकाट गुरं एका रात्रीत वाफा साफ करतात. पक्कं घर बांधण्याआधी तिथे राहायच्या घराला काय परवानगी लागते आणि किमान किती जमीन लागते, ते जिल्ह्याच्या नगरनियोजन कचेरीत स्वतः जाऊन विचार. गावातला ठेकेदार ‘यहाँ सब बनाते हैं’ म्हणेल, त्यावर जाऊ नकोस.

आणि इतकी घाई कशाला? आधी ठेक्यानं घे की. वर्षाच्या बोलीवर किल्लाभर जमीन ठेक्यानं देणारे शेतकरी गावोगाव आहेत. एक रब्बी, एक खरीप करून बघा. मुलं तिसऱ्या रविवारी कंटाळतात की बुधवारपासून पिशवी भरून बसतात, सासूबाईंचे गुडघे तिथे चालतात का, रात्री काही झालं तर जवळचं बरं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, हे सगळं त्या वर्षात कळेल. शिवाय गावात राहिलं की कुठली जमीन भांडणाची आणि कुठली सरळ, ते बायका तुला आपणहून सांगतील. पटवाऱ्याच्या बस्त्यात ते सापडत नाही.

जानेवारीत बघायला जाऊ नकोस. तेव्हा मोहरी फुललेली असते आणि प्रत्येक शेत घ्यावंसं वाटतं. जूनच्या सुरुवातीला जा, लू चालू असताना, दुपारी. मग ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी, तेच शेत पुन्हा बघ. स्यान्याला जाशील तेव्हा मला आधी कळव, मी येते बरोबर. खतौनीची नक्कल मात्र आदल्या दिवशी काढून ठेव, वाटेत गाडीत बसून वाचू.