पहिली ऑनलाइन अ‍ॅनिमेशन स्पर्धा : मुलांना त्यातून काय मिळतं?



चित्रकला, हस्ताक्षर, वक्तृत्व या स्पर्धा आपल्या ओळखीच्या आहेत. पण आता मोबाइलवर फोटो जोडून हलती चित्रं करणारी मुलंही ऑनलाइन स्पर्धेत उतरू लागली आहेत. अशा वेळी आपण मोठ्यांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, ते आज पाहू.

दहा सेकंदांचा हिशेब

चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. अ‍ॅनिमेशन करताना बरेचदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दहा सेकंदांची फिल्म म्हणजे १२० चित्रं! हा गुणाकार वर्गात जरूर घाला. "एवढीशीच फिल्म?" असं पुन्हा कोणी म्हणणार नाही.

हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून छोटा चित्रपट केला होता. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून दाखवल्या. धीर तेव्हाही लागत होता, आजही लागतो.

मुंगीची गोष्ट

माझी एक माजी विद्यार्थिनी आता आठवीत आहे. शाडूची मुंगी भाकरीचा तुकडा घेऊन चढ चढते, अशी फिल्म तिने स्पर्धेसाठी केली. मोबाइल स्टुलाला दोरीने बांधला. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो वाया गेले, कारण खिडकीतलं ऊन सरकत होतं आणि फिल्म लुकलुकत होती. मग खिडकी झाकून, ट्यूबलाइट लावून तिने पुन्हा सुरुवात केली. सिनेमातलं गाणं नियमात बसत नव्हतं, म्हणून वाटी-चमच्याचा आवाज रेकॉर्ड केला. शेवटच्या तारखेला रात्री फिल्म पाठवली.

खरी परीक्षा त्यानंतर होती. मतदान सुरू झालं आणि तिला फारच थोडी मतं पडली. वडील म्हणाले, "नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकतो, शंभर मतं आत्ता येतील." ती म्हणाली, "नको पप्पा, त्यांनी बाकीच्या फिल्म बघितल्यात कुठे?" दोन दिवस मात्र ती गप्प होती. फिल्म काढून टाकू का, असंही मला विचारलं.

तेवढ्यात दुसऱ्या एका स्पर्धकाने अभिप्राय लिहिला : मुंगी छान आहे, पण तुकडा जड वाटत नाही, चढावर ती थबकत नाही. ही पोर अंगणात जाऊन तासभर खऱ्या मुंग्या बघत बसली! मुंगी थांबते, मागे सरकते, तुकडा पुन्हा धरते. थांबणं दाखवायचं तर तेच चित्र जास्त चौकटी ठेवायचं, हे तिचं तिलाच उमगलं. नंबर आला नाही. पण दुसऱ्या फिल्मचं काम लगेच सुरू झालं.

वडिलांनी ती शंभर मतं मिळवली असती, तर हा अभिप्राय तिने इतक्या मनापासून वाचला असता का? मागून आणलेल्या मतांनी मूल खूश होतं, पण आपलं काम नेमकं कुठे कमी पडलं, हे त्याला कळत नाही.

आपण काय करावं?

• नियम मुलासोबत बसून वाचा : वयाची अट, फिल्मची लांबी, आवाज-संगीत, शेवटची तारीख.
• खातं पालकांच्या देखरेखीखाली असू द्या. शाळेचं नाव, पत्ता, फोन नंबर फिल्ममध्ये नको.
• दिवा धरा, स्टूल धरा. पण चित्र मुलालाच हलवू द्या. वाकडं झालं तरी ते त्याचं आहे.
• मतांसाठी लिंक फिरवू नका. त्याऐवजी मुलासोबत इतरांच्या पाच फिल्म बघा आणि प्रत्येकीतली एक चांगली गोष्ट शोधा.
• वाईट शेरे आले तर आधी तुम्ही वाचा. कामाबद्दलची टीका मुलाला जरूर दाखवा. नुसती टिंगल असेल तर सोडून द्या.
• निकालानंतर "कितवा नंबर?" याआधी "पुढच्या वेळी काय बदलशील?" हे विचारा.

पहिल्या स्पर्धेत मुलाने काम पूर्ण करून वेळेत पाठवलं, हेच मोठं यश आहे. त्याचं कौतुक निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी करा.

तुमच्या वर्गात किंवा घरात असा एखादा छोटा अ‍ॅनिमेटर असेल, तर त्याचा अनुभव नक्की कळवा.