पिवळ्या पानाची कैफियत

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात घरामागच्या मोकळ्या जागेत वांगी, टमाटर, भेंडी, चवळी आणि सांबाराचे (कोथिंबिरीचे) वाफे राखण्याची वहिवाट जुनी आहे, आणि त्या वहिवाटीबरोबर अशीही एक समजूत चालत आलेली आहे की पान पिवळे पडले म्हणजे झाड उपाशी आहे व युरियाची एक मूठ बुंध्याशी टाकली की मामला निकालात निघाला. ही समजूत किती नुकसान करते, ते एका श्रावणात माझ्या शेजारच्या वाडीत मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

त्या वर्षी झड लागली होती. दिवसामागून दिवस पाऊस थांबेना, आणि अशा दिवसांत भर बहरातल्या टमाटरांची खालची पाने प्रथम फिकी व मग पिवळी होऊ लागली. दुकानातून मिळालेल्या सल्ल्याबरहुकूम युरिया पडला. गुण येईना म्हणून पुन्हा पडला. आणि पाऊस उघडून ऊन पडताच, वाफ्यात पाणी साचलेले असतानाही, झाडांनी माना टाकल्या. शेवटी त्यांतले एक उपटून पाहिले, तेव्हा जी मुळे पांढरी व टणक असायला हवी होती ती तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाची निघाली. अन्नाची वाण नव्हती. मुळांना श्वास घेता येत नव्हता.

आपल्या वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, चिकणमातीने भरलेली असून, उन्हाळ्यात ती जशी हातभर भेगाळते तशीच पावसाळ्यात फुगून आपली सारी छिद्रे मिटवून घेते. हवेवाचून मुळांची शक्ती खुंटते, म्हणून जमिनीत नत्र असूनही ते झाडाला उचलता येत नाही; आणि निर्वात मातीतले जिवाणू त्या नत्राचा वायू करून तो उडवून लावतात, म्हणजे वरून टाकलेल्या खताचाही बराच भाग वाया जातो. अशा वेळी पहिला इलाज कुदळीचा आहे, पोत्याचा नव्हे. चर काढून पाणी वाटेला लावावे, वाफसा येईपर्यंत थांबावे, हलकी खुरपणी करून माती मोकळी करावी, आणि नवी पालवी हिरवी येते का ते पाहून मगच खताचा विचार करावा. पुढच्या हंगामात गादीवाफे केले, तर हा प्रसंग बहुधा येणारच नाही.

परंतु प्रत्येक पिवळेपणा पाण्याचा नसतो, आणि येथेच खरा तपास सुरू होतो. पहिला प्रश्न असा विचारावा की पिवळे झालेले पान जुने आहे की नवे. नत्राची तूट पडली की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून खालची पाने शिरांसकट सरसकट फिकी होतात. न कुजलेले गव्हाचे कुटार मातीत मिसळले असता हे हमखास दिसते, कारण ते कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचे नत्र काही काळ स्वतःच वापरतात. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भागच पिवळा झाला, तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. लोह मात्र एकदा पानात स्थिरावले की हलत नाही. त्याची उणीव कोवळ्या शेंड्यावर उमटते, बारीक शिरांची हिरवी जाळी तेवढी शिल्लक राहते आणि पुढे पान पांढुरके होते.

ही लोहाची उणीव आपल्याकडे वारंवार आढळते, आणि तिचे कारण गैरसमजाला जागा देणारे आहे. जमिनीत लोह भरपूर असते. पण चुनखडीच्या व अल्कधर्मी मातीत ते विरघळत नाही, आणि विहिरीचे बायकार्बोनेटयुक्त जड पाणी ही अडचण वाढवते. म्हणून हिराकस हा लोहक्षार नुसता मातीत टाकणे बहुतांशी व्यर्थ होय. पानावर लोहक्षार लावला असता तेथील हिरवेपणा परततो, हे युझेब ग्री या फ्रेंच संशोधकाने 1840 च्या दशकातच दाखवले होते, आणि तीच आजही घरच्या घरी करण्याजोगी खात्रीची कसोटी आहे: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस व चिमूटभर लिंबूसत्त्व ताजे विरघळवून एकाच फांदीची पाने संध्याकाळी ओली करावीत. काही दिवसांत तेवढीच पाने हिरवी झाली, तर निदान पक्के समजून बाकीच्या झाडांवर फवारा द्यावा.

भेंडीच्या बाबतीत याच्या नेमके उलट चित्र दिसले, म्हणजे शिरा पिवळ्या आणि मधली बेटे हिरवी, तर तो हळद्या होय. मुंबई इलाख्यातून त्याची नोंद 1924 सालीच झालेली आहे. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते, आणि रोगी झाड कोणत्याही खताने वा औषधाने बरे होत नाही. ज्या माउलीने ते रोप हाताने लावले, तिला ते उपटायला सांगणे जिवावर येते, हे मी जाणतो. तरीही उपटावेच, नाहीतर सारा वाफा जातो. पिवळे चिकट सापळे व निंबोळी अर्क माशीला आवर घालतात. रोगाला तोंड देणारे म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे वाण नावारूपाला आले. बी घेताना अशा सहनशील वाणाची चौकशी जरूर करावी.

उन्हाळ्यात पानावर फिके ठिपके दिसले, तर ते पान पांढऱ्या कागदावर झटकावे. हलणारे कण दिसल्यास ते कोळी समजावेत. टमाटराला फळे भरत असताना अगदी तळची दोन-चार पाने पिकली, तर काहीच करू नये.

पिवळेपणाचे कारण शोधताना झाड उपटून मुळे पाहिली, तर चवळीच्या मुळांविषयी मात्र सावध करणे अवश्य आहे, कारण तेथे उपकारक गाठी सूत्रकृमीच्या समजून चांगली झाडे फेकलेली मी पाहिली आहेत. नखाने सहज सुटणारी, फोडल्यावर आत गुलाबी निघणारी गाठ नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची असते, तिला हात लावू नये. मूळच जागोजागी सुजलेले असेल आणि गाठ वेगळी निघत नसेल, तर सूत्रकृमी आहेत; त्या वाफ्यात पुढच्या हंगामात वांगी, टमाटर किंवा भेंडी न घेता दाट झेंडू लावावा.