मोबाईलने मोजलेले अंतर किती खरे?

पहाटे फिरायला जाणाऱ्यांची आणि धावण्याचा सराव करणाऱ्यांची संख्या वणीसारख्या शहरातही वाढत आहे, ही समाधानाची बाब आहे. पूर्वी 'निर्गुडेच्या पुलापर्यंत जाऊन आलो' एवढ्यावर भागत असे. आता किती किलोमीटर झाले आणि किती वेळात झाले, हे खिशातला मोबाईल सांगतो. मात्र हे माप नेहमीच बरोबर असते असे नाही, आणि चुकीच्या मापाचा त्रास शेवटी शरीराला होतो.

पोलीस शिपाई भरतीचेच उदाहरण घ्या. तेथे मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सरावाच्या वेळी फोन शंभर मीटरमागे पाच मीटर जास्त दाखवत असेल, तर १६०० मीटर पूर्ण झाले असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात सुमारे १५२५ मीटरच झालेले असतात. उरलेल्या ७५ मीटरला साधारण पंधरा सेकंद लागतात. परीक्षेच्या दिवशी दम नेमका तेथेच संपतो. याउलट फोन कमी अंतर दाखवत असेल, तर डॉक्टरांनी ठरावीक अंतरच चालण्यास सांगितलेला हृदयरोगी नकळत जास्त चालतो.

चूक का होते?

फोनमधील जीपीएस यंत्रणा सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश पकडते. संदेश यायला किती वेळ लागला यावरून ती उपग्रहाचे अंतर काढते. नेमकी जागा ठरवण्यासाठी एका वेळी किमान चार उपग्रह लागतात. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो! मोकळ्या आकाशाखाली साधारण फोन सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. उंच इमारतींजवळ संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतो, दाट झाडीखाली तो क्षीण होतो, आणि मग नकाशावरची रेषा वेडीवाकडी होते. आपल्या इस्रोनेही 'नाविक' ही यंत्रणा उभारली असून तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. काही नव्या फोनमध्ये तिचेही संदेश घेण्याची सोय आहे.

काय काळजी घ्यावी?

१) घरातून निघताच नोंद सुरू करू नये. मोकळ्या जागी एक-दोन मिनिटे थांबावे. नकाशावरील ठिपका स्थिर झाला की मगच सुरुवात करावी. इंटरनेट चालू असल्यास फोनला उपग्रह लवकर सापडतात.

२) फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला 'अचूक लोकेशन'ची परवानगी द्यावी. व्यायामापुरता बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. तो चालू असल्यास पडदा बंद होताच अ‍ॅपचे काम थांबू शकते आणि मधले अंतर गळते.

३) फोन दंडावर पट्ट्याने बांधावा किंवा हातात धरावा. शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने संदेश अडतो. म्हणून फोन कमरेच्या खिशात कपड्यांच्या आत दाबून ठेवू नये. धातूचे कव्हरही काढून ठेवावे.

४) पाणी प्यायला किंवा कोणाशी बोलायला थांबल्यास नोंदही थांबवावी. आपण उभे असलो तरी फोनवरील ठिपका इकडेतिकडे सरकत राहतो आणि अंतर वाढत जाते.

५) लहान मैदानावर गोल फेऱ्या मारताना फोन वळणे कापतो व अंतर कमी भरते. भरतीची तयारी करणाऱ्यांनी आखलेल्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर सर्वांत आतील रेषेने चार फेऱ्या माराव्यात आणि वेळ साध्या घड्याळावर घ्यावी. धावपट्टी नसेल तर मोजपट्टीने १०० मीटर मोजून खुणा कराव्यात व त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

६) पडद्यावर क्षणोक्षणी बदलणाऱ्या वेगाकडे लक्ष देऊ नये. शेवटची एकूण सरासरी त्यापेक्षा भरवशाची असते.

आणखी एक गोष्ट. वणी परिसरातील रस्त्यांवर कोळशाचे ट्रक सतत धावत असतात. तेव्हा रस्त्याने धावताना फोन पाहणे कटाक्षाने टाळावे. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे.

मधुमेह, रक्तदाब किंवा वजन कमी करण्यासाठी चालणाऱ्यांनी तर अंतराची फार चिंता करूच नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. हा हिशोब मिनिटांचा आहे आणि मिनिटे मोजायला उपग्रह लागत नाहीत. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग पुरेसा समजावा.

छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, यापैकी काहीही जाणवल्यास ताबडतोब थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. त्या वेळी ठरवलेले अंतर पूर्ण व्हायला किती मीटर उरले आहेत, हे पाहत बसू नये.