न उच्चारलेले बोल

बालमित्रांनो, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपण किती बोलतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? आईजवळ आपण हट्ट धरतो, सोबत्यांशी भांडतो, गुरुजींना शंका विचारतो. हे सारे इतके सहज घडते की, वाणी ही आपल्याला लाभलेली केवढी मोठी देणगी आहे, याची जाणीवही आपल्याला होत नाही.

परंतु काही मुलांना ही देणगी लाभलेली नसते. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा पोहोचली, तर हातापायांच्या व मुखाच्या स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. या अवस्थेला मेंदूचा पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी असे म्हणतात. अशा कित्येक मुलांना आपले बोलणे पूर्णपणे समजते. त्यांच्या मनात विचार असतात, थट्टा असते, रागही असतो. मात्र जीभ व ओठ साथ देत नाहीत. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे आहे. या मुलांच्या बाबतीत ती दुर्दैवाने खरी ठरते. ज्याला बोलता येत नाही त्याला काही कळतच नाही, अशी लोक समजूत करून घेतात.

ही समजूत खोडून काढणारी एक घटना कॅनडा देशातील टोरोंटो शहरी घडली. तिची पूर्वकथा मोठी मनोवेधक आहे. चार्ल्स ब्लिस नावाचे एक रसायन अभियंता 1897 साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मले. ते ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीने 1938 साली त्यांना छळछावणीत डांबले. तेथून सुटल्यावर ते इंग्लंडमार्गे चीनमधील शांघाय शहरी पोहोचले. तेथील चित्रलिपी पाहून त्यांच्या मनात विचार आला की, भिन्न भाषा बोलणाऱ्या सर्व माणसांना वाचता येईल अशी चिन्हलिपी निर्माण झाली, तर राष्ट्राराष्ट्रांतील गैरसमज दूर होतील. पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यावर, 1949 साली, त्यांनी या लिपीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

सुमारे वीस वर्षे लोटली. टोरोंटो येथील अपंग मुलांच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिका काम करीत होत्या. बोलू न शकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्या एखादे साधन शोधीत असता ब्लिस यांची चिन्हे त्यांच्या दृष्टीस पडली. 1971 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिन्हे मुलांपुढे ठेवली. या लिपीत हृदयाची आकृती म्हणजे भावना. तिच्यापुढे वर जाणारा बाण काढला की 'आनंदी' आणि खाली जाणारा बाण काढला की 'दुःखी' असा अर्थ होतो. चाकाच्या खुर्चीला जोडलेल्या फलकावरील अशा चिन्हांकडे बोट किंवा नजर वळवून मुले प्रश्न विचारू लागली, गोष्टी सांगू लागली. दोन चिन्हे जोडून नवे अर्थही तयार करू लागली. ज्यांना आजवर केवळ 'होय' व 'नाही' एवढेच सुचविता येत होते, त्यांच्या मनात केवढे विश्व दडले होते, हे तेव्हा मोठ्यांना उमगले.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. श्रीमती मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना मेंदूचा पक्षाघात आहे. त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण पुरे केले आणि हाताच्या एका बोटाने अक्षरे टंकून 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिले.

आता फलकाच्या जोडीला बोलणारी यंत्रेही आली आहेत. चित्रावर किंवा अक्षरांवर बोट ठेवले की यंत्रातून शब्द उमटतो. तेव्हा अडचण संपली, असे तुम्हांला वाटेल. वस्तुतः तसे नाही. आपण गप्पा मारताना मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज उच्चारतो. साधन वापरणाऱ्या मुलाचे शब्द मिनिटाला बहुधा पंधराही भरत नाहीत. मधल्या सुटीत तुम्ही अशा मुलाला विचारले, "काल सामना पाहिलास का?" त्याचे बोट पहिल्या अक्षराकडे वळते न वळते तोच तुम्ही दुसरा प्रश्न विचारता, तिसऱ्याचे उत्तर स्वतःच देता आणि घंटा होताच पळून जाता. त्याला सांगायचे होते की शेवटचा गडी बाद नव्हताच! ते त्याच्या मनातच राहून जाते. अभ्यासकांनाही बहुधा हेच चित्र दिसले आहे. बोलणारा सोबतीच संभाषण पुढे नेतो, 'होय-नाही' एवढ्याच उत्तराचे प्रश्न विचारतो, आणि दुसरा केवळ उत्तरापुरता उरतो.

आणखी एक उणीव पाहा. फलकावर कोणते शब्द असावेत, हे बहुतेक वेळा वडीलधारी माणसे ठरवितात. 'पाणी', 'भूक', 'दुखते' हे शब्द त्यांना आठवतात. पण 'चिडका', 'लबाड', 'पुन्हा डाव मांडू' हे शब्द आठवत नाहीत. जॅनिस लाइट या अभ्यासक विदुषीने 1988 साली संभाषणाचे चार हेतू सांगितले: गरज कळविणे, माहिती देणे, जवळीक साधणे आणि शिष्टाचार पाळणे. मैत्री तिसऱ्या हेतूतून उमलते. नुसते पाणी मागून कोणाला मित्र मिळत नाही.

म्हणून अशा सोबत्याशी बोलताना काही गोष्टी ध्यानी धराव्यात. त्याच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसावे. शेजारच्या मदतनिसाला न विचारता त्यालाच विचारावे. 'काय', 'कसे', 'का' असे प्रश्न विचारून मग शांतपणे थांबावे. त्याचे वाक्य त्याच्या संमतीवाचून पुरे करू नये. अर्थ कळला नाही, तर कळल्याचे सोंग न आणता "पुन्हा सांग" असे मोकळेपणाने म्हणावे. त्याचा फलक त्याच्या संमतीवाचून हाताळू नये. तो त्याचा आवाजच आहे. संमती मिळाल्यास मात्र आपणही त्या फलकावर बोट ठेवून बोलावे, म्हणजे ती भाषा दोघांची होते. त्याने आपल्याशी वाद घातला, तर तोही आनंदाने ऐकावा. दया नको, बरोबरी हवी, हीच त्याची अपेक्षा असते.

यंत्र शब्द देऊ शकते. ऐकणारा मात्र आपल्यालाच व्हावे लागते. त्यासाठी पैसा लागत नाही की विद्वत्ता लागत नाही. लागतो तो थोडा धीर.

स्वाध्याय
1. चार्ल्स ब्लिस यांनी चिन्हलिपी कोणत्या हेतूने निर्माण केली? तिचा उपयोग पुढे कोणासाठी झाला?
2. 'नुसते पाणी मागून कोणाला मित्र मिळत नाही.' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
3. तुमच्या वर्गातील सोबत्यासाठी फलक तयार करावयाचा झाल्यास त्यावर कोणते वीस शब्द घ्याल? सोबत्याचे मत कसे घ्याल?
4. वर्गात दोघादोघांनी समोरासमोर बसा. एकाने केवळ अक्षरांवर बोट ठेवून पाच मिनिटे बोलावे, दुसऱ्याने ऐकावे. नंतर दोघांनीही आपला अनुभव दहा ओळींत लिहावा.